ओपलला लिंकन व्हायचंय

मॅन्सफील्ड, ओहायो
बुधवार, २१ जानेवारी २००९

जोसेलिन,

माझा फोन उचलायचा नाही असं तू ठरवलंस. ठीक आहे. वर तुझ्या आईच्या हाती निरोप, ‘काय सांगायचंय ते लिहून पाठव म्हणावं, कागदावर तरी त्याला ओरडता येणार नाही.’ लिहितो. पण आधीच स्पष्ट करतो, हे पत्र आपल्या दोघांबद्दल नाही. तुझ्या धाकट्या बहिणीबद्दल आहे. तेव्हा फाडण्याआधी वाच.

ओपल माझ्याच वर्गात आहे हे तुला कळलं असेल. सप्टेंबरात मी कॉलेज सोडलं तेव्हा तू म्हणालीस, “तू देशासाठी चाललेला नाहीस, केमिस्ट्रीला घाबरून पळतोयस.” बरं. दोन महिने मी या गावात दारोदार फिरलो, मतं मागितली, कुत्री अंगावर घेतली, तोंडावर दारं आपटून घेतली. आपला माणूस निवडून आला, देशाचा पहिला काळा राष्ट्राध्यक्ष. तो गेला वॉशिंग्टनला आणि मी आलो ड्रेक्सलरबाईंच्या बालवाडीत, पाच वर्षांच्या पोरांची नाकं पुसायला. ‘मदतनीस शिक्षक.’ हसायचं असेल तर हसून घे, पुढे हसण्यासारखं काही नाही.

तर काल बाईंनी चाकांच्या टेबलावरचा टीव्ही ढकलत वर्गात आणला. पोरं सतरंजीवर मांडी घालून बसली. त्याचा शपथविधी सुरू झाला. ओपल उठली, थेट पडद्यापाशी गेली, आपला हात त्याच्या गालाला लावून बघितला आणि मागे वळून म्हणाली, “हा माझ्यासारखाच चॉकलेटी आहे!”

तुमच्या घराण्याचा आवाज. पलीकडच्या वर्गातसुद्धा ऐकू गेलं असेल.

ड्रेक्सलरबाई लगेच गुडघ्यांवर बसल्या. वाईट बाई नाही ती, हेच तर डोकं फिरवणारं आहे. साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणाल्या, “ओपल, राणी, आपण असं बोलत नाही हं. आपल्या वर्गात कुणी कुणाचा रंग बघत नाही. आपल्याला फक्त माणसं दिसतात.”

ओपलनं हात मागे घेतला आणि पाठीमागे लपवला. जसं काही त्या काचेला डाग पडला असता.

मग ट्रेंट ह्यूबर. लाल केसांचा, समोरचे दोन दात पडलेला, घसरगुंडीवर सगळ्यांना ढकलणारा. तो म्हणाला, “म्हणजे आता गोऱ्यांची पाळी संपली?”

“ट्रेंट! आपण तसं बोलत नाही.”

“कसं?”

“तसं.”

“तसं म्हणजे कसं?”

“आता सगळ्यांनी तोंडावर बोट.”

देशात एवढी मोठी गोष्ट घडली आणि आमच्या वर्गात वीस पोरं तोंडावर बोट ठेवून ती बघत होती. तू म्हणशील, तू काय करत होतास? मी काही बोललो नाही. मला सर्दी झाली होती. नाक, डोळे सगळं वाहत होतं, तोंड उघडण्याजोगी अवस्था नव्हती. एवढंच.

तू काल वॉशिंग्टनला प्रत्यक्ष त्या गर्दीत होतीस म्हणे. अटलांटाहून बसनं, तुझ्या कॉलेजातल्या त्या वादविवाद मंडळाच्या सेक्रेटरीच्या शेजारच्या सीटवर. त्याचं नाव लिहून मी शाई वाया घालवणार नाही.

अलॉन्झो


शुक्रवार, ३० जानेवारी

जोसेलिन,

तुझं पत्र मिळालं. पाच ओळी. चार ओपलबद्दल आणि पाचवी, ‘सर्दी कशी आहे? कानटोपी घालत जा.’ पाचवी ओळ मी पुन्हापुन्हा वाचली, ती फक्त अक्षर तुझंच आहे ना याची खात्री करायला.

तू विचारतेस, ओपल फोनवर नुसती हं-हं का करते. सांगतो. तुझ्या परीक्षा चालू आहेत म्हणून आईनं तुझ्यापासून लपवलं असेल. मी कॉलेज सोडलेला माणूस, मला परीक्षांचं पावित्र्य कळत नाही. ओपल शाळेत बोलत नाही. त्या दिवसापासून एक शब्द नाही. हजेरीला हात वर करते, ‘हजर’ म्हणत नाही. दूध पाहिजे असलं तर बोट दाखवते. बाईंनी तुझ्या आईला बोलावून सांगितलं की वसंतापर्यंत असंच राहिलं तर तिला पहिलीत पाठवता येणार नाही. आणखी एक वर्ष इथेच, आणि तपासणी. “मुलं कधीकधी मागे पडतात, मिस लोरेटा.” मागे पडतात! घरी जी पोरगी पाववाल्याशी पैज लावते ती!

माझ्या गाडीत मात्र बोलते. तुझ्या आईची हॉस्पिटलात दुपारची पाळी असली की मीच तिला घरी सोडतो. पण शाळेचं फाटक दिसलं की तोंड बंद.

आता यावर बाईंनी शोधलेला उपाय ऐक. दर फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्षांचा कार्यक्रम होतो, तुला आठवत असेल. कापसाचा टोप घालून कुणीतरी वॉशिंग्टन होतं, दाढी लावून कुणीतरी लिंकन, आणि आयाबाया फोटो काढतात. यंदा लिंकनच्या जन्माला दोनशे वर्षं, म्हणून बारा तारखेला मोठा घाट घातलाय. परवा बाईंनी कामं वाटली. “आणि आपले नवे राष्ट्राध्यक्ष होणार... ओपल!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “मानाचं काम मिळालं की कळी खुलेल बघा.”

रंग न दिसणाऱ्या या बाईंना वीस पोरांतून नेमकी ओपलच कशी दिसली? चष्मा बदलला की काय?

गाडीत बसल्यावर ओपल म्हणाली, “लाँझो, मला लिंकन व्हायचंय.”

“का गं?”

“टोपी.”

“टोपीसाठी? अगं, तुला कळतंय का तू कोण होणार आहेस? साऱ्या देशाचं लक्ष आहे त्याच्याकडे! त्याच्यासाठी मी कॉलेज सोडलं!”

“मग तू हो,” ती म्हणाली.

हो, मीही तिला समजावतच होतो. बाई समजावतात, मी समजावतो, आणि तुझी आई तर विचारूच नकोस. तिनं लहान मापाचा सूट आणलाय, लाल टाय आणलाय, चर्चमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलंय. तुझी आजी, मिस यूला, क्लीव्हलंडहून येणार आहे. लिंकनचं काम ट्रेंटला गेलं. त्याचा बाप रस ह्यूबर घरं उबदार ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करतो, त्यानं पुठ्ठ्याची अशी उंच टोपी केलीय आणि बुटाच्या पॉलिशनं अशी चमकवलीय की ती बघून मलासुद्धा लिंकन व्हावंसं वाटलं.

कानटोपी घालतो आहे.

अलॉन्झो


गुरुवार, ५ फेब्रुवारी

जोस,

आज जे झालं ते वाचून हसू नकोस. तिथे कुणी हसलं नाही.

दुपारी मोजदाद केली तर दोन पोरं कमी. बाथरूमच्या दारातून आवाज आला. ओपलचा आवाज! शाळेत! मी दार ढकललं. ट्रेंट स्टुलावर उभा, एक गाल पूर्ण चॉकलेटी, दुसरा अर्धा. ओपलच्या मुठीत स्केचपेनं. ती आपला हात त्याच्या गालाशी लावून रंग ताडून बघत होती आणि एखाद्या रंगाऱ्यासारखी कुरकुरत होती, “हा नाही रे. हा घोड्याचा चॉकलेटी आहे. माझ्यात थोडा नारिंगी लागतो.”

दोन आठवडे उलटले, आणि शाळेतलं तिचं पहिलं वाक्य हे. मला आनंदानं उडी मारावीशी वाटली. पण माझ्या मागून ड्रेक्सलरबाई आल्या आणि त्या किंचाळल्या.

मला त्यांचं किंचाळणं कळतं. गोऱ्यांनी तोंडाला काजळी फासून स्टेजवर आपली नक्कल करायची आणि बाकीच्यांनी पोट धरून हसायचं, हे मिस यूलानं डोळ्यांनी बघितलंय. पण पोरांनी कुठे बघितलंय? बाईंनी ट्रेंटला नळाखाली धरून साबणानं असं घासलं की चॉकलेटी गेला आणि गाल टोमॅटोसारखा झाला. तो भोकाड पसरून रडतोय. ओपलचं तोंड पुन्हा मिटलं.

“काय बोलायचं यांच्याशी, मिस्टर पेटवे? काय बोलायचं?” बाईंनी नळ बंद करत विचारलं.

“खरं ते,” मी म्हणालो. म्हणायला सोपं. मग मी दोघांना कोट टांगायच्या पॅसेजमध्ये नेलं, बाकावर बसवलं.

“ट्रेंट, तोंड का रंगवलंस?”

“ओपल चॉकलेटी आहे म्हणून तिला प्रेसिडेंट केलं. मला पण व्हायचंय. त्याला हेलिकॉप्टर असतं.”

“हे बघ. टोपी काढता येते, दाढी काढता येते. ओपलचा रंग हा काही तिचा ड्रेस नाही, ती घरी गेल्यावर खुंटीला टांगत नाही तो. आणि पूर्वी काही गोरी माणसं तोंड रंगवून आमच्यासारख्यांची चेष्टा करायची. फार वाईट चेष्टा. म्हणून बाई घाबरल्या.”

“मी चेष्टा नव्हतो करत.”

“माहितेय मला.”

“मला हेलिकॉप्टर पाहिजे होतं.”

“माहितेय रे बाबा!”

त्यानं बाहीला नाक पुसलं. “मग गोऱ्यानं त्याचं काम केलं तर चालतं का?”

आता याचं उत्तर कुठल्या पुस्तकात आहे? असेल तर पाठव. मी म्हणालो, “टाय लाव आणि त्याचं वाक्य म्हण. दुसरं काही लागत नाही.” ओपलनं जोरजोरात मान हलवली, माझ्याकडे बघून नाही, त्याच्याकडे बघून. दोघांचा सौदा आधीच ठरला होता. हिला टोपी, त्याला हेलिकॉप्टर. गावातल्या दोनच शहाण्या माणसांत ठरलेला सौदा, आणि त्यांतल्या एकाला समोरचे दात नाहीत.

अलॉन्झो


सोमवार, ९ फेब्रुवारी

जोस,

मला घरी बसवलंय. तू ऐकशीलच, तेव्हा माझ्याकडून ऐक.

आज शाळा सुटल्यावर बैठक झाली. ड्रेक्सलरबाई, तुझी आई, रस ह्यूबर आणि मी. चौघंही पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे कानाशी. अशा खुर्चीवर बसून कुणाचीही अब्रू शाबूत राहत नाही.

रस म्हणाला, “माझ्या पोराला चोरासारखं घासलंत तुम्ही. पाच वर्षांचा आहे तो! त्याला काय ठाऊक?”

“ठाऊक नाही हेच तर म्हणतेय मी,” तुझी आई म्हणाली. “माझ्या मुलीला या वयात सगळं ठाऊक असावं लागतं, तुमच्या मुलाला नसलं तरी चालतं. बघितलंत?”

रस लाल झाला. पण गप्प बसला, हे त्याच्या बाजूनं लिहितो.

बाई म्हणाल्या, “मला वाटतं यंदा कार्यक्रमच रद्द करावा. कुणाला वाईट वाटायला नको.”

मी म्हणालो, तसं करायची काही गरज नाही. ट्रेंटला टाय द्या, ओपलला टोपी द्या, पोरांनीच ठरवलंय.

आणि तुझी आई माझ्याकडे वळली. “अलॉन्झो, लिंकनचा वाढदिवस दरवर्षी येतो. माझी आई ऐंशी वर्षांची आहे. नोव्हेंबरात ती मतदानाच्या रांगेत चार तास उभी होती, खुर्ची दिली तर बसली नाही. तिला या डोळ्यांनी आपली नात त्या सुटात बघायचीय. यात कुणाचं काय बिघडतं?”

खरंच होतं तिचं. मतदानाच्या दिवशी मला क्लीव्हलंडला पाठवलं होतं, त्या रांगेत लोकांना पाणी वाटायला मीच होतो. मिस यूलाला खुर्ची देणारा मीच. पण माझं डोकं तुला माहीत आहे. तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी उठून ओरडलो. की बाईंना रंग दिसत नाही आणि दिसला की फक्त तोच दिसतो. की रसला आपल्या पोराचा गाल दिसतो, तिचं मिटलेलं तोंड दिसत नाही. की मिस लोरेटा, तुम्ही सूट विकत घेतलात, पण तो जिला घालायचाय तिला कुणी एकदा तरी विचारलंत का, की बाई गं, तुला नकोय तर का नकोय?

खुर्ची माझ्या मागे चिकटून वर आली होती. ती पडली तेव्हा कळलं.

बाई शांतपणे म्हणाल्या, “मिस्टर पेटवे, तुम्ही घरी जा. कार्यक्रम होईपर्यंत येऊ नका. पुढचं मग बघू.”

आणि तुझी आई म्हणाली, “माझ्या एका मुलीचं डोकं फिरवलंस तेवढं पुरे.”

हे वाक्य मला लागलं. त्यात एक चूकही आहे. तुझं डोकं मी कधीच फिरवू शकलो नाही. फिरवता आलं असतं तर ही पत्रं लिहीत बसलो नसतो.

अलॉन्झो


मंगळवार, १० फेब्रुवारी

जोस,

कालचं पत्र अजून टपालपेटीत असेल, आणि आज हे. दोन्ही एकदम मिळाली तर आधी हे वाच.

संध्याकाळी तुझ्या आईचा फोन आला. “ये. ओपल तुझ्यासमोर बोलेन म्हणते.” नंतर कळलं की दुपारी तू फोन केला होतास, आणि म्हणालीस, ‘आई, तिला नुसतं विचार ना, का नको म्हणून.’ वा. हेच मी काल ओरडून सांगितलं तर मला हाकललं. तू हळू आवाजात सांगितलंस तर लगेच पटलं. असो.

स्वयंपाकघरात घेवड्याचं कालवण उकळत होतं, मक्याचा पाव भट्टीत होता. ओपल टेबलाखाली. तिथूनच बोलणार होती. मग मीही टेबलाखाली गेलो. थोड्या वेळानं तुझी आईसुद्धा हॉस्पिटलच्या कपड्यांत, गुडघे कुरकुरत, खाली आली.

“ओपल,” ती म्हणाली, “तुला तो सूट का नको? खरं सांग. मी रागावणार नाही.”

“तू रडशील.”

“का रडेन मी?”

ओपलनं माझ्याकडे बघितलं. मग सगळं एकदम बाहेर आलं. टीव्हीवर तो माणूस दिसला की सगळे रडतात. आई रडली. आजी फोनवर रडली. चर्चमध्ये सगळे रडले. ड्रेक्सलरबाईसुद्धा रुमाल घेऊन होत्या. “आणि मी म्हणाले तो माझ्यासारखा चॉकलेटी आहे, तर बाई म्हणाल्या असं बोलायचं नाही. आणि लाँझो तर सगळ्यांत जास्त रडला. त्याच्या शर्टावर शेंबूड आला.”

“सर्दी होती,” मी म्हणालो.

“नव्हती,” ओपल म्हणाली.

तुझी आई माझ्याकडे बघत होती.

“मी तो झाले की सगळे माझ्याकडे बघून रडणार,” ओपल म्हणाली. “लिंकनकडे बघून कुणी नाही रडत. सगळे म्हणतात, काय छान टोपी!”

तीन आठवडे, जोस. तीन आठवडे या पोरीला वाटत होतं की तो माणूस आल्यामुळे काहीतरी भयंकर झालंय, त्याचा रंग हे त्याचं कारण आहे, आणि तोच रंग तिच्याही अंगावर आहे. आपल्या सगळ्या लोकांनी त्या दिवशी गळ्यात गळे घालून रडून घेतलं. डोक्यांच्या खाली, कमरेएवढ्या उंचीवर काय दिसत असेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नाही. मोठमोठ्या गोष्टी समजावत होतो आम्ही. माणसं आनंदानंही रडतात, एवढी साधी गोष्ट सांगायची राहिली.

ती तुझ्या आईनं सांगितली. मी सांगणार नाही, ते तुमच्या घरातलं आहे. एवढंच सांगतो की आपली आई, मिस यूला, लहानपणी गोऱ्यांसाठी राखलेल्या कुठल्या नळाचं पाणी पिऊ शकत नव्हती इथपासून तिनं सुरुवात केली आणि कुठलाही शब्द गाळला नाही. ओपल ऐकत होती. मध्येच म्हणाली, “म्हणजे चॉकलेटी म्हटलं तर चालतं?”

“चालतं. जोरात म्हटलं तरी चालतं.”

“बाईंसमोर?”

“बाईंना मी बघते.”

मग तुझ्या आईनं डोळे पुसले. “आता कळलं ना? हे आनंदाचं आहे. आता घालशील सूट?”

ओपलनं नीट विचार केला. “नाही. टोपीच पाहिजे.”

तुझी आई हसली आणि तिचं डोकं टेबलाला आपटलं. मक्याचा पाव जळला. आम्ही तो तसाच खाल्ला.

अलॉन्झो


शुक्रवार, १३ फेब्रुवारी

जोस,

तू कार्यक्रमाची खबर माझ्याकडे मागितलीस, आईकडे नाही, याची नोंद घेतली आहे. जास्त अर्थ काढणार नाही. थोडा काढला आहे.

काल तुझी आई शाळेत अर्धा तास आधी गेली आणि ड्रेक्सलरबाईंशी दार लावून बोलली. आत काय झालं देव जाणे. बाहेर आल्या तेव्हा दोघींची नाकं लाल होती. मला प्रेक्षक म्हणून यायची परवानगी मिळाली, मिस यूलाच्या शेजारी, “आणि खुर्चीवरून उठायचं नाही.” मिस यूलानं माझा दंड धरून ठेवला होता, नातीचं काम बघायला की मला बसवून ठेवायला, कळलं नाही. सुटाचं कळल्यावर म्हणाली, “सूट परत करा, पैसे मिळतील.” मी घाबरून बसलो होतो ते तिच्या मनाला लागेल म्हणून. थोडं लागलं असणारच. बोलली नाही.

ट्रेंट आला. स्वच्छ तोंड, लाल टाय पोटापर्यंत. वाक्य बरोबर म्हणाला आणि मग कुणी सांगितलेलं नसताना हात पसरून हेलिकॉप्टर झाला, स्टेजभर दोन फेऱ्या मारल्या. चर्चच्या बायका टाळ्या वाजवून बेजार. रस ह्यूबर मागे उभा होता, त्याला कुणीतरी पाठीवर थाप मारली तर तो दचकलाच.

मग ओपल. टोपी नाकापर्यंत आलेली, दाढी एका कानावरून सुटलेली. माईकसमोर उभी राहिली आणि गप्प. पडद्यामागून बाई कुजबुजल्या, “मी अब्राहम लिंकन...” काही नाही. माझे पाय आपोआप उठायला लागले, मिस यूलानं दंड आवळला.

ओपलनं दोन्ही हातांनी टोपी वर केली, पहिल्या रांगेत बघितलं आणि म्हणाली, “आई, आनंदाचंच रडायचं हं.”

“हो गं बाई,” तुझी आई म्हणाली. आधीच सुरू झाली होती.

“बोल, बाळा, बोल!” मागून कुणीतरी हाक दिली, चर्चमध्ये देतात तशी. दुसरीनं उचलली, “ऐकतोय आम्ही!”

आणि ओपल बोलली. “मी अब्राहम लिंकन! मी लाकडाच्या घरात जन्मलो! मी खूप उंच होतो! मी आज चॉकलेटी आहे!”

मी बाईंकडे बघितलं. पडद्याच्या फटीतून दिसत होत्या. बोट सवयीनं ओठांकडे निघालं, हवेत अडकलं, मग त्यांनी त्या बोटानं केसांची बट मागे सारली. मिस यूला माझा दंड सोडून उभी राहिली होती आणि तिला खाली बसवायची हिंमत कुणाचीच नव्हती.

ओपल काही स्टेजवरून उतरेना. लिंकनला बकऱ्या आवडायच्या, लिंकनला दोनशे वर्षं झाली, ट्रेंटनं लिंकनचं बिस्किट खाल्लं होतं, सगळं सांगून झालं. शेवटी बाईंनी कडेवर घेऊन खाली आणली. पहिलीत जाणार ती. बाईंनी तुझ्या आईला तिथल्या तिथे सांगितलं, आणि वर म्हणाल्या, “आता जरा कमी बोलायला शिकवा.”

सरबत-बिस्किटांच्या वेळी आम्ही पॅसेजमध्ये उभे होतो. तिथे भिंतीवर सगळ्या राष्ट्राध्यक्षांची चित्रं ओळीनं लावलीत, पहिल्यापासून नव्यापर्यंत. ओपल टोपी घालून एका टोकाकडून निघाली. प्रत्येक चित्रासमोर थांबत, बोट लावत. शेवटच्या चित्रापर्यंत गेली. पुन्हा उलटी आली. मग बाईंचा झगा ओढला.

“मिसेस ड्रेक्सलर, यात मुलगी कुठाय?”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी बाईंकडे. जानेवारीपासून पहिल्यांदाच आमच्या दोघांचे चेहरे सारखे झाले होते.

“मिस्टर पेटवे सांगतील तुला,” बाई म्हणाल्या. “पुढच्या आठवड्यात.”

“म्हणजे पुढच्या आठवड्यात मी कामावर आहे?” मी विचारलं.

“हा प्रश्न मला एकटीला झेपायचा नाही,” बाई म्हणाल्या.

“पुढच्या आठवड्यात नाही,” ओपल म्हणाली. “आत्ता.”

मी तिच्यासमोर खाली बसलो. आणि जोस, तिला सांगितलं की याचं उत्तर जोसेलिनला येतं. मार्चच्या सुट्टीत तू येशील तेव्हा ती तुला बसस्टँडवरच धरणार आहे. काय सांगायचं ते ठरवून ये. आणि तिला सांगशील तेव्हा मलाही शेजारी बसू दे. मध्ये बोलणार नाही. प्रयत्न करीन.

तुझा,
अलॉन्झो